अंगठा दाबण्यापूर्वी

मोबाईलवर काम चालू असता मध्येच एक लहानशी चौकट उभी राहते आणि आपल्याला काहीतरी विचारते. काय विचारते, ते मात्र पुष्कळदा उमगत नाही. समजा, तिने विचारले, ‘हा व्यवहार रद्द करायचा का?’ आणि खाली दोन बटणे दिली: ‘ठीक आहे’ व ‘रद्द करा’. आता काय दाबावं? ‘रद्द करा’ म्हणजे व्यवहार रद्द, की रद्द करण्याचा विचारच रद्द? भलाभला शिकलेला माणूसही इथे घुटमळतो. इंग्रजीत ‘कॅन्सल’ लिहिले तरी घोटाळा तोच. बटणावर नुसते ‘व्यवहार थांबवा’ आणि ‘व्यवहार चालू ठेवा’ असे लिहिले असते, तर शंकेला जागाच उरली नसती.

चौकटीतला प्रत्येक प्रश्न फसवा असतो, असे मात्र नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. गोरेगावचा शेतकरी सोयाबीनचा फोटो काढू लागला, की मोबाईल कॅमेऱ्याची आणि ठिकाण पाहण्याची परवानगी मागतो. घाबरून ‘नाही’ म्हटले, तर पीक कोणत्या शेतातले हे कळणार कसे? नोंद अडते, आणि सातबाऱ्यावर पीक नसले की पुढे नुकसानभरपाईच्या वेळी हेलपाटे पडतात. याउलट, नुसत्या विजेरीच्या अ‍ॅपने आपल्या ओळखीच्या माणसांचे नंबर मागितले, तर विचारावे: बाबा रे, उजेड पाडायला तुला माझ्या सोयऱ्यांचे नंबर कशाला?

पण विचारतो कोण? दिवसातून दहादा चौकट आली की माणूस वैतागून ‘हो’ दाबतो. लांडगा आला रे आला, अशातली गत! आणि खरा लांडगा येतो तो नेमका तेव्हाच. ‘तुम्हांला पैसे पाठवतो, पिन टाका,’ असे कोणी फोनवर सांगतो. समोरच्या चौकटीत रक्कम दिसते. ती येणार की जाणार, हे आपण वाचतच नाही. मंडळी, एवढे पक्के ध्यानात ठेवा: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही.

न वाचता अंगठा देण्याचे दुःख आपल्याकडे जुनेच आहे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवावा, अशी त्यात तरतूद होती. आपला मुलूख तेव्हा निजामाकडे, म्हणून तो कायदा इथे लागू झाला नाही. पण त्यातला न्याय साधा होता: ज्याचा अंगठा घ्यायचा, त्याला मजकूर समजावून देणे हे घेणाऱ्याचे काम.

मोबाईलवरची चौकट हाही एक दस्तऐवजच, आणि तिच्यावरही अंगठाच उमटतो. ती सरळ मराठीत लिहा, बटणावर कृतीचे नाव घाला, असे करणाऱ्यांना आपण ठणकावून सांगितले पाहिजे. तोवर चौकट आली की क्षणभर थांबावे. कोण विचारतो आहे, काय मागतो आहे, आणि ‘हो’ म्हटल्यावर काय होईल, ही तीन उत्तरे मिळाल्यावाचून बोट पुढे करू नये. आणि घरातल्या ज्यांना वाचता येत नाही, त्यांना चौकट वाचून दाखवणारा रजिस्ट्रार आता आपणच व्हायचे आहे.