जिवंत पेशीतील दीप



आपल्या सदर बाजारातील सराफी पेढ्यांवर नोट पारखायची असली, तर ती जांभळ्या दिव्याखाली धरतात. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडताच नोटेवरील क्रमांकाची शाई चकाकते. घेतलेला प्रकाश निराळ्या रंगात परत देण्याच्या या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. याच गुणाच्या आधारे आज शास्त्रज्ञ जिवंत पेशीचे अंतरंग पाहतात.

पेशी जवळजवळ पारदर्शक असते; रंगविल्यावाचून तिच्यातील बारकावे दिसत नाहीत. परंतु रंगविण्याच्या जुन्या पद्धतींत बहुधा पेशी आधी मारावी लागे. मृत पेशी रचना सांगते, व्यवहार सांगत नाही. औषध कर्करोगाच्या पेशीत शिरले की बाहेरच राहिले, हे जिवंत पेशीच सांगू शकते.

प्रकाश देणारे अनेक साधे रंगरेणू सतत उजेडात ठेवल्यास निस्तेज होतात. कॅडमियमयुक्त क्वांटम डॉट तेजस्वी खरे. पण कॅडमियम विषारी. म्हणून पॉलिमरच्या नॅनोकणांकडे लक्ष वळले. 100 नॅनोमीटरचा कण म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे हजारावा भाग. अशा एका कणात अनेक प्रकाशक घटक सामावतात. मात्र ते फार दाटीने बसले, तर बहुधा एकमेकांचा प्रकाश मालवतात; त्यांच्यात योग्य अंतर राखणे, हेच रसायनशास्त्रज्ञाचे कसब. याउलट, दाटीतच उजळणारे रेणू 2001 मध्ये हाँगकाँगमधील बेन झाँग टांग यांच्या गटाने प्रकाशात आणले.

आपल्या देशातही हे कार्य चालू आहे. 2006 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या आयसर संस्थेत प्रा. मणिक्कम जयकण्णन यांच्या गटाने शरीरात विघटन पावू शकणारे पॉलिमर घडविले. त्यांचे प्रतिदीप्त कण औषध घेऊन पेशीत शिरतात. तेथील विकरे कणाचे विघटन करतात आणि औषध मोकळे होते. कण कुठवर पोहोचला, हे त्याच्या प्रकाशावरून सूक्ष्मदर्शकात कळते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून रुग्णाच्या शय्येपर्यंतची वाट मात्र लांब आहे. कण शरीराबाहेर कसा जाईल, यकृतात साचून तर राहणार नाही ना, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज ती पार करता येणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, या क्षेत्रात केवळ उजळ दिसणे पुरेसे नाही. कणाने उजेड द्यावा, काम करावे आणि पेशीला इजा न करता निघून जावे, ही त्याची खरी कसोटी. त्या कसोटीस उतरणारा कण घडविणे अद्याप बाकी आहे. ते कार्य आपल्यापैकी कोणी हाती घ्यावे, अशी शुभेच्छा या हीरक महोत्सवानिमित्त व्यक्त करतो.