माणशी किती?

समजा, एका घरात सहा माणसं आहेत आणि महिन्याचा खर्च 18,000 रुपये. शेजारी एकटी विधवा बाई राहते, तिचा खर्च 3,000. माणशी आकडा दोन्हीकडे एकच. म्हणून दोन्ही घरांची परिस्थिती सारखी म्हणायची?

मुळीच नाही. घरभाडं, विजेचं बिल, छपराची डागडुजी सहा जणांत विभागली जाते. एकटीला सगळं स्वतःच्याच पदरचं घालावं लागतं. म्हणून अर्थतज्ज्ञांची एक रीत अशी, की खर्चाला माणसांच्या संख्येने न भागता त्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. तसं केलं की मोठं घर सुमारे 7,350 वर जातं. बाई 3,000 वरच राहते. युरोपीय संघाच्या आकडेवारीत पहिला प्रौढ 1 धरतात, पुढचे 0.5 आणि 14 वर्षांखालचं मूल 0.3.

आपल्याकडे 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवताना एका कमावत्यामागे तीन एककं धरली. त्यांची रूढ फोड अशी: पुरुष 1, बायको 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6. म्हातारे आईवडील या फोडीत नाहीतच.

गरिबीचा हिशेब मात्र माणशीच चालत आला. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली मांडलेली रेषाही माणशीच होती: 1960-61 च्या किमतींनी खेड्यात महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. पोटापुरत्या अन्नाच्या हिशेबात ही रीत फारशी चुकत नाही, कारण भाकरी वाटून वाढत नाही. गफलत होते ती बाकीच्या खर्चात.

ती केवढी, हे ज्याँ द्रेझ आणि पी. व्ही. श्रीनिवासन यांच्या 1997 च्या शोधनिबंधात दिसतं. माणशी हिशेबात ग्रामीण भारतातल्या विधवांची घरं इतरांहून विशेष गरीब दिसत नव्हती. एकत्र राहण्यातली थोडीशी बचत धरताच एकट्या विधवा, अविवाहित मुलांसह राहणाऱ्या विधवा आणि कुटुंबप्रमुख स्त्रिया यांच्यातलं गरिबीचं प्रमाण ग्रामीण सरासरीच्या बरंच वर गेलं. बायका त्याच होत्या, खर्चही तोच होता. बदलला तो फक्त भागाकार.

2022-23 च्या उपभोग सर्वेक्षणाचा ठळक आकडाही माणशीच आहे: ग्रामीण भारतात महिना 3,773 रुपये. घरात किती माणसं, कोणत्या वयाची, हे त्याच सर्वेक्षणात नोंदलेलं असतं. मग एकट्या बायकांच्या घरांचा दुसरा हिशेबही त्याच अहवालात, तितक्याच ठळकपणे छापायला हवा.