कन्सोल ५४,९९० चा, खर्च ८२,७६७ चा

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कोजागरीला गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. छापताना थोडी काटछाट केली आहे.)



दूध आटेपर्यंत वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात बोलून घ्या, असं चेअरमनसाहेबांनी सांगितलंय. अकरा वर्षं मी या सोसायटीची खजिनदार होते. त्यामुळे मी माईक हातात घेतला की मेंटेनन्स वाढणार, अशी काहींना धास्ती वाटते. आज तसं काही नाही. आज मी माझ्या स्वतःच्या घरचं ऑडिट वाचून दाखवणार आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे. नातवाने एकच अट घातली, "आजी, व्हिडिओ गेम म्हणू नकोस, कन्सोल म्हण."

आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली. त्याच वर्षी ४ मार्चला जपानमध्ये प्लेस्टेशन २ बाजारात आला आणि पुढे जगभरात सोळा कोटींच्या आसपास विकला गेला. म्हणजे आपला आणि त्याचा रौप्यमहोत्सव एकाच वर्षीचा. आपल्या पोरांकडे तेव्हा तो नव्हता म्हणा. त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचं ते स्वस्तातलं यंत्र होतं. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची आणि परत घालायची. मारिओ आणि कॉन्ट्रा. एक कॅसेट ए विंगमधून सी विंगमध्ये जायची आणि महिन्याने परत यायची, कधी यायचीही नाही. माझा मुलगा त्यातलाच एक. ही कॅसेट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२४ च्या, हा मुलगा प्लेस्टेशन ५ घेऊन आला. डिस्कवाला स्लिम, ५४,९९० रुपये. नऊ महिन्यांचा 'नो कॉस्ट' हप्ता, महिना ६,११० रुपये. घरात लक्ष्मीपूजनाची गडबड, त्यात नातू नाचतोय. मी काही विचारलं नाही. इथे कोणाची दोन महिन्यांची थकबाकी राहिली तर मी जिना चढून जायची, पण स्वतःच्या घरात 'हे बसतं का रे बजेटमध्ये?' एवढं विचारलं नाही. सणाला कशाला, असं वाटलं.

आता हप्त्यांबद्दल एवढंच सांगते, की फुकटचं व्याज नसतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज असतंच, ते सवलतीच्या नावाने दुसऱ्या खिशातून वळतं केलेलं असतं. वर बँकेची प्रोसेसिंग फी, आणि त्या फीवर आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी. रक्कम लहान असते म्हणून कोणी बघत नाही.

पण आमचं घोडं तिथे पेंड खात नव्हतं. यादी वाचते. दुसरा कंट्रोलर ५,९९०. एक नवा गेम ४,९९९, दुसरा ३,९९९. हेडफोन २,७९९. कंट्रोलर चार्ज करायचा स्टँड १,९९९. ऑनलाइन खेळायचं सभासदत्व महिना ४९९, नऊ महिने. शिवाय गेमच्या आत खेळाडू, कपडे, पॉइंट असलं काहीतरी विकत मिळतं, त्यासाठी पाचशे-हजार करत वॉलेटमध्ये भरलेले ३,५००. बेरीज ८२,७६७. कन्सोलच्या दीडपट. आणि यातला एकही खर्च मोठा वाटत नव्हता! प्रत्येक वेळी 'एवढे घेतलेत, तर आता हेही घेऊन टाकू.'

हे मला कधी कळलं? जानेवारीत नात म्हणाली, "आजी, मी ड्रॉइंगचा क्लास सोडला. कंटाळा आला." ती आठवीत. एलिमेंटरी चांगल्या ग्रेडने पास झालेली, इंटरमीजिएटची तयारी चालू होती. क्लासची फी महिना पंधराशे. मला पटलं नाही, पण वाटलं, वय आहे, कंटाळत असेल. मे महिन्यात कपाट आवरताना तिची वही सापडली. पानंच्या पानं स्थिरचित्रं, तारखा फेब्रुवारीच्या, मार्चच्या, एप्रिलच्या. कंटाळलेली मुलगी कपबशी चाळीस वेळा काढत नाही. विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. रात्री आईबाबांचं हप्त्यावरून बोलणं तिने ऐकलं होतं. बाबा म्हणत होते, या महिन्यात काहीतरी एक बंद करावं लागेल. तिने आपलं आपण ठरवलं, काय बंद करायचं ते.

आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, कन्सोल घेताना 'दोघा मुलांसाठी' म्हणून घेतला होता. प्रत्यक्षात एक कंट्रोलर नातवाच्या हातात आणि दुसरा त्याच्या बाबांच्या. नातीच्या वाट्याला सोफ्याचा कोपरा.

त्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर रजिस्टर घेऊन बसले. सोसायटीचं असतं ना, लाल कापडी पाठीचं, तसंच. मुलगा म्हणाला, "आई, ही काय जनरल बॉडी आहे का?" म्हटलं, "हो. आणि कोरम पूर्ण आहे." सूनबाई हसली, पण तिचे डोळे भरले होते. तिलाही क्लासचं खरं कारण माहीत नव्हतं.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी तीन घरांत या दिवाळीत कन्सोल येऊ घातलाय, हे मला लिफ्टमध्ये कळलंय.

आपल्या उपविधींत सिंकिंग फंड आहे. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, दरवर्षी बाजूला. दुरुस्ती निधी पाऊण टक्का. तुम्ही कुरकुरता, पण गेल्या पावसाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्याच पैशातून झालं. कन्सोलचंही तेच. कंट्रोलरच्या काड्या, म्हणजे त्या अंगठ्याने फिरवायच्या मुठी, वापराने झिजतात. मग न हलवताही पडद्यावरचा माणूस आपोआप चालायला लागतो. की गेले सहा हजार. म्हणून महिना दोनशे रुपये त्या खात्यात. गेमसाठी चारशे. एकूण सहाशे, पाकिटात रोख. पाकीट रिकामं झालं की पुढच्या महिन्यापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हा नियम मोडायचा पहिला प्रयत्न नातवाने नाही, त्याच्या बाबांनी केला, हे नोंदवून ठेवते.

मग एकेक खर्च तपासला. सभासदत्व बंद केलं. नातू जे दोन गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळतो ते फुकटातले, आणि प्लेस्टेशनवर असल्या फुकट गेमना ते सभासदत्व लागतच नाही! नऊ महिने आम्ही कशाचे पैसे भरत होतो, देव जाणे. कार्डावरून आपोआप पैसे कापून घेणाऱ्यांनी चोवीस तास आधी कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२१ पासून लागू आहे. मेसेज येतो. आपण तो वाचत नाही. वॉलेटमध्ये पैसे भरायचा पासवर्ड आता सूनबाईकडे. त्याच सेटिंगमध्ये मुलांच्या खात्याला महिन्याची खर्चमर्यादा घालता येते. ती शून्य ठेवली आहे.

विजेचं बिल वाढेल, असं माझ्या वयाची मंडळी आधी म्हणतात. मीही म्हटलं होतं. हिशेब केला. मोठा गेम चालू असताना हा कन्सोल साधारण दोनशे वॅट घेतो, टीव्हीचे शंभर धरा. रोज दोन तास म्हणजे महिन्याला अठरा युनिट. शे-दोनशे रुपये. त्यावरून मुलांच्या मागे लागू नका. त्यापेक्षा तो बंद शोकेसमध्ये काचेमागे ठेवलाय का, ते बघा. गरम हवा बाहेर पडायला जागा हवी आणि पाठची जाळी अधूनमधून पुसायला हवी.

दुकानात 'यासाठी फोर के टीव्ही हवाच' असं सांगतात. जुन्या फुल एचडी टीव्हीवर व्यवस्थित चालतो. आमचा तोच आहे. एचडीएमआय केबल खोक्यातच येते, हजार रुपयांची सोनेरी टोकांची वेगळी घेऊ नका. खोक्यात एक कंट्रोलर आणि कन्सोलमध्ये एक फुकटचा गेमही असतो, ॲस्ट्रोज प्लेरूम. छोटा यंत्रमानव उड्या मारत जातो. मी स्वतः तो पूर्ण खेळले आहे. हसू नका, दोन महिने लागले.

आता मुख्य खरेदी. हाच कन्सोल डिस्कशिवाय दहा हजारांनी स्वस्त मिळत होता, ४४,९९० ला. एक्सबॉक्सचा सीरिज एस त्याहून स्वस्त, त्यालाही डिस्क नाही, आणि त्याच्या कंट्रोलरला पेन्सिल सेल लागतात, म्हणजे चार्जिंगचे सेल वेगळे घ्या. निन्टेन्डोचा स्विच लहान मुलांना छान, पण कंपनी तो आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाही. दुकानदार बाहेरून आणतो, गॅरंटी त्याच्या शब्दावर. दहा हजार वाचतात म्हणून बिनडिस्कवाल्याकडे हात जातो. मुलाने हौसेपोटी डिस्कवाला घेतला, हिशेबापोटी नव्हे. पण त्या सगळ्या खरेदीतला तेवढा एक निर्णय बरोबर निघाला. डिस्क नसली की प्रत्येक गेम कंपनीच्या दुकानातूनच, ते म्हणतील त्या भावात. तो विकता येत नाही, शेजाऱ्याला देता येत नाही. डिस्क असली की जुना गेम हजार-बाराशेत मिळतो, खेळून झाला की विकता येतो. प्लेस्टेशन ४ च्या बहुतेक सगळ्या डिस्क ५ वर चालतात, त्या तर आणखी स्वस्त. तीन महिन्यांच्या पाकिटात एक.

पाकिटातला पहिला गेम कोणी निवडायचा, यावर मतदान झालं. नातीने 'इट टेक्स टू' निवडला. तो एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतातच. गोष्ट भांडणाऱ्या नवरा-बायकोची, ते बाहुल्या होतात आणि एकमेकांच्या मदतीशिवाय पुढे सरकत नाहीत. नात आणि सूनबाई खेळतात. शनिवारी रात्री दोघी ओरडत असतात, 'आई, दोरी पकड ना!' खालच्या मजल्याची मी इथे जाहीर माफी मागते.

शेवटचा हप्ता ऑगस्टमध्ये संपला. क्लास मात्र त्याआधीच, जूनमध्ये सुरू केला. मुलाने स्वतः जाऊन बाईंना सांगितलं आणि रजिस्टरमध्ये क्लासची ओळ कन्सोलच्या वर लिहिली. पाच महिने गेले ते गेलेच. नात त्याबद्दल काही बोलत नाही. मीही आता विचारत नाही.

आता ती कॅसेट. आपल्या तीन विंगमध्ये सध्या सहा घरांत डिस्कवाले कन्सोल आहेत, सगळ्यांकडे मिळून तीसेक डिस्क. त्यातल्या चार डिस्क चार घरांत त्याच त्याच आहेत, पाच-पाच हजारांना घेतलेल्या. म्हणून ऑफिसमध्ये एक रजिस्टर ठेवलं आहे, डाव्या कपाटाच्या खालच्या फळीवर, नॉमिनेशन फॉर्मच्या फाइलशेजारी. डिस्क नेताना नाव, फ्लॅट नंबर, तारीख लिहायची. पंधरा दिवसांत परत. खोक्यावर वयाचा आकडा छापलेला असतो, १२, १६, १८. अठराची डिस्क मुलांच्या हातात मिळणार नाही, आईवडिलांनी सही करून न्यावी. चरा पडला तर भरपाई. क्रिकेट २४ सध्या बी विंगमध्ये आहे आणि तिला एकोणीस दिवस झालेत. कोणाकडे आहे ते मला माहीत आहे, ते दुसऱ्या रांगेत बसलेत.

दूध झालं वाटतं. वेलदोड्याचा वास आला.