नीतिशिक्षण : पाठांतर आणि प्रसंग



पाठशाळेतील बालकास पाच अणुव्रतांची नावे विचारली, तर तो ती क्षणात सांगतो. परंतु व्रत पाळावयाचे म्हणजे ऐन प्रसंगी नेमके काय करावयाचे, हे त्यास उमगलेले नसते. नीतीचा अभ्यास खरा तेथून सुरू होतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. घराण्याचे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकत असता ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान करण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही, आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. शिस्त मोठी की समता, हा प्रश्न त्यांना पुस्तकाने घातला नव्हता. (गौरवपर लेखनातून ही हकिकत टाळण्याकडे कल असतो. ती टाळू नये.) पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत, कामे स्वतः करीत. समतेचा धडा रोजच्या पंक्तीतच होता.

आपल्या शास्त्रांची दृष्टीही व्यवहाराकडेच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे अतिचार सांगताना चोरीचा माल घेणे, कमी-अधिक मापे ठेवणे, अस्सल म्हणून बनावट माल विकणे, ही थेट पेढीवरची उदाहरणे येतात. मग पाठशाळेत हा प्रश्न का घालू नये? कापड पहिल्या धुण्यात आटते, हे दुकानदारास ठाऊक आहे. गिऱ्हाईक विचारीत नाही. माप पुरेपूर दिले, असत्य उच्चारले नाही. व्रत पाळले गेले काय? आणि मालकाने गप्प राहण्यास सांगितलेल्या नोकराने काय करावे?

मुले भांडतील, भांडू द्यावीत. एकास गिऱ्हाइकाची बाजू द्यावी, दुसऱ्यास मालकाची, तिसऱ्यास नोकराची. थोड्या वेळाने बाजू बदलाव्यात. अनेकान्ताची ओळख हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीपेक्षा येथे अधिक चांगली होते. मात्र अनेकान्त म्हणजे सर्वांचेच बरोबर, असा सोयीचा अर्थ शिक्षकाने चालू देऊ नये. प्रत्येकाने आपला निर्णय कारणासह सांगावा.

येत्या चातुर्मासात आठवड्यातील एक तास या कामी द्यावा. प्रश्न समाजातील व्यापारी, शेतकरी आणि गृहिणी यांनीच आणून द्यावेत; त्यांच्याकडे त्यांचा तुटवडा नाही.