अश्रुग्रंथी, जीवनसत्त्व ‘अ’ आणि संप्रेरके



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी सीमाभागातील मुलांना प्रत्येक गोष्टीचे कारण शोधण्याची सवय लावली. म्हणून आज एका लहानशा ग्रंथीचा कार्यकारणभाव आपल्यापुढे मांडतो.

भालकी, औराद असो की आळंद, तुरीच्या राशीच्या दिवसांत डोळे चुरचुरल्याची तक्रार घरोघर ऐकू येते. धूळ, भुसा आणि ऊन यांना बोल लावून आपण मोकळे होतो. त्यांचा दोष असतोच. परंतु दिवेलागणीला चाचपडणारे तीन वर्षांचे मूल आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते म्हणणारी पन्नाशीची स्त्री, या दोघांच्या डोळ्यांतील कोरडेपणाची कारणे भिन्न असतात. ती एकच मानली, तर मुलाची दृष्टी जाऊ शकते आणि त्या स्त्रीची व्यथा ‘वय झाले’ या दोन शब्दांत निकालात निघते.

अश्रुग्रंथी बदामाएवढी असते. वरच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूस, हाडाच्या आडोशाला ती बसलेली आहे. अश्रूंतील पाणी मुख्यतः ती पुरवते. त्यावरचा तेलाचा पातळ थर पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी देतात, आणि पाणी डोळ्यावर टिकवून धरणारा बुळबुळीत स्राव पांढऱ्या भागावरील आवरणातील पेशी देतात. तेल कमी पडले की पाणी लवकर उडते, डोळा चुरचुरतो आणि प्रतिक्रिया म्हणून घळाघळा वाहू लागतो. वाहणारा डोळाही कोरडा असू शकतो, तो असा.

या पेशींना कामाचे आदेश कोण देते? यकृतात साठलेले जीवनसत्त्व ‘अ’ रक्तावाटे अश्रुग्रंथीत येते आणि अश्रूंतून, रक्तवाहिन्या नसलेल्या पारदर्शक पडद्यापर्यंत पोहोचते. पेशीत त्यापासून रेटिनॉइक आम्ल तयार होते. ते पेशीकेंद्रातील विशिष्ट ग्राहक प्रथिनाला चिकटते आणि कोणती जनुके जागी व्हावीत हे ठरवते. हे ग्राहक १९८७ मध्ये उजेडात आले. स्त्री-पुरुष संप्रेरकांचे ग्राहकही त्याच कुळातील निघाले. म्हणजे अन्नातून आलेला आणि शरीरात घडलेला, असे दोन्ही निरोप पेशी जवळजवळ एकाच लिपीत वाचते.

पहिला निरोप थांबला तर काय होते? १९२५ मध्ये वोल्बाक आणि हाउ यांनी जीवनसत्त्व ‘अ’ न मिळालेल्या उंदरांच्या ग्रंथी तपासल्या. स्राव देणाऱ्या पेशींच्या जागी त्वचेसारखे कठीण थर आले होते. मुलाच्या डोळ्यातही तेच घडते : आवरण निस्तेज होते, फेसासारखे डाग दिसतात आणि शेवटी पारदर्शक पडदा विरघळतो. रातांधळेपणा ही त्याआधीची सूचना होय.

दुसरा निरोप अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्याला आपण पुरुषी संप्रेरक म्हणतो, ते अँड्रोजेन स्त्रियांतही असते. अश्रुग्रंथी आणि तेलग्रंथी या दोहोंना ते आधार देते, आणि वयाबरोबर ते घटते. मग पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन दिले की प्रश्न सुटेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५ हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या पाहणीत केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांतच कोरड्या डोळ्यांची तक्रार अधिक आढळली.

अतिरेकही घातकच. मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व ‘अ’चेच अपत्य, ते तेलग्रंथी आक्रसवते आणि डोळे कोरडे करते. गर्भवतीने ते घेतल्यास गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते.

यातून आपले कर्तव्य स्पष्ट होते. मुलाला नवव्या महिन्यात १ लाख एककांचा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एककांचा डोस चुकवू नये. १९७० मध्ये सुरू झालेल्या या राष्ट्रीय कार्यक्रमामागे आपल्या शेजारच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संशोधन आहे. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हे आपले बळ खरे, पण जीवनसत्त्व ‘अ’ त्यांत फारसे नाही. शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा ताटात हवा. आणि तोही करडईच्या तेलाची फोडणी देऊन, कारण स्निग्धांशावाचून ते अंगी लागत नाही.

घरातील प्रौढ स्त्रीला मात्र मुलाचा तो डोस देऊ नये. तिचे डोळे डॉक्टरांना दाखवावेत. तोंडही कोरडे पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तेही आवर्जून सांगावे. शोग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णिलेला आजार प्रामुख्याने स्त्रियांनाच गाठतो.

आपण स्त्रीच्या अश्रूंचे मोल पुष्कळ वर्णिले. तिचे अश्रू आटले, तर त्याचीही विचारपूस व्हावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.