मधुमेह : अनवाणी पाऊल, उपवास आणि प्रसाद
(देवस्थानच्या वर्धापनदिनी महाजनांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत, अशी समितीने मला आज्ञा केली. मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य कचेरीत कारकुनी करण्यात गेले. तथापि जमाखर्च लिहिणाऱ्यास एक गोष्ट अनुभवाने कळते. जी तूट डोळ्यांस दिसत नाही, तीच अखेरीस पेढी बुडविते. मधुमेहाचे नेमके असेच आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशातील वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा ११.४ आढळले, आणि सर्व राज्यांत वरचा क्रमांक लागला तो आपल्या गोव्याचा, शेकडा २६.४. म्हणजे चार प्रौढांमागे एकास हा विकार! हा मान आपणांस भूषणावह खचित नाही.

रोगाचे मूळ असे. आपण खातो त्या भात-पोळीची साखर बनून ती रक्तात उतरते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन ती साखर पेशींच्या आत पोचविते. प्रौढ वयात सामान्यतः जडणाऱ्या मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे होते आणि पुढे त्याचा पुरवठाही आटत जातो. आनुवंशिकता, पोटावरची चरबी आणि बैठे जीवन ही त्याची प्रमुख कारणे होत. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांहून अधिक भरली, तर ती धोक्याची सूचना समजावी.

रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरांत सुमारे १८० मिलिग्रॅमपलीकडे गेली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते व आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, अतोनात तहान. शिवाय थकवा, वजनातील घट, अंधुक दृष्टी, लवकर न भरणाऱ्या जखमा. परंतु अनेकांस वर्षानुवर्षे यांपैकी एकही लक्षण जाणवत नाही, आणि तोवर डोळे, मूत्रपिंडे, हृदय व मज्जातंतू यांची हानी चालूच असते. यास्तव लक्षणांची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी साखर १२६ वा अधिक, किंवा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणाऱ्या एचबीएवनसी चाचणीत ६.५ टक्के वा अधिक आढळल्यास तो मधुमेह होय. लक्षणे नसतील तर पुन्हा तपासणी करून खात्री करून घेतात.

आता आपल्या देवळाशी निगडित अशा तीन गोष्टी.

पहिली अनवाणी पावलांची. मज्जातंतू बधिर झालेल्या रुग्णास दुपारच्या तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही, रुतलेला खडाही कळत नाही. प्रदक्षिणा पुरी होते, आणि घरी गेल्यावर तळव्यास फोड दिसतो. त्यातूनच जखम चिघळून पाय कापण्याची पाळी येऊ शकते. अशांनी दर्शनास सकाळी वा सायंकाळी यावे आणि रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःस दिसत नसल्यास सुनेस वा नातवास पाहावयास सांगावे.

दुसरी उपवासाची. इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेऊन निरंकार राहिल्यास साखर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हे. उत्सवातील रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर तो थकला आहे असे मानून त्यास निजवू नये. शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून त्वरित द्यावी, आणि पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे. उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारून गोळ्यांचे प्रमाण ठरवावे. आणि साबुदाणा-बटाट्याचा फराळ म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याने साखर उतरत नाही, चढते.

तिसरी प्रसादाची. तीर्थप्रसादाचा कण कोणासही वर्ज्य नाही. प्रश्न आहे तो समाराधनेच्या पंक्तीतील आग्रहाचा. भाताची दुसरी मूद आणि मणगण्याची तिसरी वाटी ‘घ्याच’ म्हणून वाढणाऱ्यांनी, पानावर हात आडवा धरणाऱ्याचा मान राखावा. तो अन्नाचा अव्हेर करीत नसतो, आपले डोळे व पाय जपत असतो.

समितीस माझी दोनच नम्र विनंत्या आहेत. उन्हाळ्यातील उत्सवात प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याचे पट्टे अंथरावेत, आणि दरवर्षी वर्धापनदिनी तिशी उलटलेल्या प्रत्येक महाजनाच्या, तसेच घरातील स्त्रियांच्या, रक्ततपासणीची सोय करावी. स्त्रियांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. कारण घरातील सर्वांची पथ्ये सांभाळणारी गृहिणी स्वतःची तपासणी मात्र पुढच्या महिन्यावर ढकलीत असते.

मधुमेह समूळ नाहीसा करता येईलच असे नाही. पण वेळीच ओळखल्यास त्यास आवरून दीर्घायुष्य भोगता येते.