थेंबाचा मालक कोण?

(चंद्रपूर-गडचिरोलीतील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



ठिबक सिंचन म्हटले की जळगावची केळी आणि नाशिकची द्राक्षे डोळ्यांपुढे येतात. झाडीपट्टीतला धान पिकवणारा म्हणतो, हे आपले काम नव्हे. त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. रोवणीनंतर बांधीत पाणी साचवून आपण धान घेतो. तेथे या नळीला फारसे काम नाही. परंतु धान निघाल्यावर ओलीवर लाख-जवस होईल तेवढे होते, उरलेली जमीन पडून राहते आणि घरातली माणसे मिरची तोडायला तेलंगणाची वाट धरतात. ठिबकचा विचार करावयाचा तो या रिकाम्या महिन्यांसाठी.

तोटीतून तासाला दोन-चार लिटर पाणी थेट मुळाशी पडते. पाटाने दिलेल्या पाण्यातले जे वाटेत झिरपते आणि उन्हाने उडते, ते वाचते. थोड्या पाण्यात वांगी, मिरची, टोमॅटो उभे राहतात. यंत्राविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वाटपाविषयी. २०१५ च्या केंद्रीय योजनेने अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी ५५ टक्के आणि इतरांसाठी ४५ टक्के अनुदान ठरविले. पण नळीला पाणी हवे, पाण्याला विहीर, विहिरीला पंप आणि पंपाला वीज. ही साखळी ज्याच्या घरी आधीच पुरी झाली आहे, त्याच्याच दारी अनुदान पोचते. भूमिहीन मजुराने ही नळी कोठे अंथरावी?

आपल्याकडे वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गोंड राजांच्या अमदानीपासून कोहळ्यांसारख्या जाणकारांनी तो तलावांत अडविला. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत असे तलाव गावोगाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ते योग्यच झाले. मात्र मालगुजाराची जागा गावाला न मिळता कचेरीला मिळाली. तेव्हापासून पाळ फुटली की अर्ज, गाळ साचला की अर्ज!

दुसरी वाट आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकरापुरते दिले गेले. भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि उसाला मनाई झाली. आपल्याच मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला. जी ग्रामसभा जंगल सांभाळू शकते, तिला तलाव का सांभाळता येऊ नये?

म्हणून आपली मागणी अशी असावी. तलाव ग्रामसभेच्या ताब्यात द्या. रोजगार हमीतून गाळ काढा. तलावाच्या पाण्यातले शेवाळ तोट्या बुजविते, म्हणून पंपाबरोबर वाळूची गाळणीही सामाईक बसवा. अनुदान एकट्यादुकट्याऐवजी पाणीवापर गटाला द्या. माणशी वाटा ठरवा आणि भूमिहीनाला त्याच्या वाट्याचे पाणी वापरता यावे म्हणून पडीक जमीन हंगामापुरती खंडाने मिळवून द्या. ढिवरांच्या मासळीसाठी तलावात किती पाणी राखावयाचे, हे आधी ठरवूनच उरलेले वाटा.

हे अवघड आहे. ज्याची विहीर मोठी, त्याचा आवाजही ग्रामसभेत मोठा असतो. त्या सभेत भूमिहीनाच्या शेजारी बसणे हेच या उन्हाळ्यातले आपले काम आहे. थेंब थेंब वाचविण्याची विद्या नळी आपल्याला देईल. वाचलेला थेंब कोणाचा, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.